हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा पावडर, तीन रब्बी वापरून लिहितोय

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. दीड का कापला आणि साडेतीन कशाचे दिले हे सांगायला थोडं लांबण लागेल, कारण मर, म्हणजे उभं झाड वाळवणारा जमिनीतल्या बुरशीचा रोग, त्यावरच्या या पावडरीबद्दल आमच्या भागात दोनच मतं ऐकू येतात, एक म्हणजे "काही उपयोग नाही, नुसती राख आहे" आणि दुसरं "टाका, मर गेलीच म्हणून समजा", आणि तीन रब्बी वापरल्यावर मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात.

वस्तू म्हणजे ट्रायकोडर्मा व्हिरिडी, १ टक्का डब्ल्यूपी (पाण्यात कालवता येणारी भुकटी), एक किलोचं पाकीट. पांढुरकी-हिरवट पावडर असते, आत जिवंत बुरशी असते, ती जमिनीतल्या रोगाच्या बुरशीशी लढते असं पाकिटावर लिहिलेलं असतं. किंमत मला दीडशे ते अडीचशेच्या मधे पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तिन्ही वर्षी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतली आणि खरं सांगायचं तर कंपनीपेक्षा पाकीट किती ताजं आहे यानंच जास्त फरक पडला.

आमचं रान लातूर जिल्ह्यात, काळं भारी, पाणी धरून ठेवणारं. खरिपात सोयाबीन, ते निघालं की रब्बीत हरभरा, आणि हे असं नऊ-दहा वर्षं एकसारखं चाललेलं. बियाणं घरचंच, दरवर्षी खळ्यातून राखलेलं. विहिरीकडच्या तुकड्यात आधी दोन-चार झाडं वाळायची, मग ठिपके पडायला लागले, मग एका वर्षी पेरून महिना झाला नाही तोवर बैलगाडी फिरेल एवढा तुकडा मोकळा झाला. आबा म्हणाले उबळला हरभरा, म्हणजे उभ्या उभ्या वाळला. तेव्हा मी पळत जाऊन हे पाकीट आणलं.

पहिल्या वर्षी मी काय केलं तर झाडं माना टाकायला लागल्यावर पावडर पाण्यात कालवून पंपानं बुडाशी ओतली, तीन दिवस, पाठ मोडेपर्यंत. एकही झाड परत उभं राहिलं नाही. त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी एक स्टार दिला असता आणि मनापासून दिला असता. पण चूक पावडरीची नव्हती हे नंतर कळलं, आणि ते कळलं ते कृषी विज्ञान केंद्राच्या एका मॅडममुळे. मी वाळलेली झाडं पिशवीत घालून घेऊन गेलो होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, खोड चिरून बघितलं का?" मी नव्हतं बघितलं. त्यांनी ब्लेड घेऊन बुडापासून उभा छेद दिला आणि आत मधोमध काळपट तपकिरी रेघ, जशी पेन्सिलीतली शिसाची काडी असते तशी. बाहेरून मूळ चांगलं, पांढरं, कुठं कुजलेलं नाही, आणि आत ही रेघ. ती रेघ म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, आणि त्यात फ्युजेरियम नावाची बुरशी बसलेली. म्हणाल्या, झाड मान टाकतं तेव्हा रोग सुरू होत नसतो, तेव्हा तो संपत आलेला असतो. बुडाशी काहीही ओता, नळीच्या आत ते जात नाही.

इथं एक गोष्ट नीट सांगतो कारण यात लई लोक फसतात. आपण हरभऱ्यात झाड वाळलं की सगळ्याला मर म्हणतो पण ते तीन वेगळे रोग असू शकतात. मर म्हणजे फ्युजेरियम, मूळ बाहेरून ठीक, खोडात काळी रेघ, पानं खाली लोंबतात पण बऱ्याचदा झाडालाच राहतात. दुसरी मानकूज, ही रोपं लहान असताना, ओल जास्त असली आणि सोयाबीनचं काड न कुजता रानात राहिलं असलं की हमखास येते, जमिनीलगत खोडावर पांढरी बुरशी दिसते आणि तिथंच मोहरीसारखे बारीक दाणे दिसतात. तिसरी कोरडी मूळकूज, ही मागं, घाटे भरताना, ऊन तापायला लागलं आणि रानातली ओल तुटली की येते, झाड उपटलं तर खाली सोटमूळ काडीसारखं कडकन मोडतं आणि बारीक मुळ्या राहिलेल्याच नसतात. माझ्या पिशवीत मरीचीही झाडं होती आणि दोन मानकुजीचीही होती, आणि मी सगळ्याला एकच औषध घालत बसलो होतो. तेव्हा कुठल्याही पाकिटाला शिव्या द्यायच्या आधी झाड उपटा, चिरा, बघा.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या आधीच बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला पावडर चोळायची ठरवलं. एका दुकानातून पाकीट घेतलं, दुकानदाराचं नाव घेत नाही, त्यानं सोबत कार्बेन्डाझिमची पुडी दिली आणि म्हणाला दोन्ही एकत्रच चोळा म्हणजे डबल काम होतं. मी चोळलं. आता विचार करा, एक बुरशीनाशक आणि एक जिवंत बुरशी, दोन्ही एका बियाण्याला एकाच वेळी. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतंच. वर ते पाकीट दुकानाच्या दारातल्या रॅकवर, दुपारच्या उन्हात ठेवलेलं, आणि घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं तर मुदत संपायला वीस दिवस राहिलेले. म्हणजे मी विकत घेतली ती बहुतेक मेलेली पावडर आणि जी थोडी जिवंत असेल ती मी माझ्या हातानं मारली. एक स्टार इथं कापला. पावडर जिवंत आहे, तिला ऊन चालत नाही, वय चालत नाही, रासायनिक बुरशीनाशक चालत नाही, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात मराठीत पाहिजे. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात पाच भाषांत लिहून काय उपयोग.

तिसऱ्या वर्षी मात्र मी चिडूनच नीट केलं. कृषी विज्ञान केंद्रातून महिन्याभरापूर्वी तयार झालेलं पाकीट आणलं. सरकारी नियमाप्रमाणे ग्रॅममागं किमान २० लाख जिवंत बीजाणू पाहिजेत, पण आपल्याकडं मोजायला काही नसतं, म्हणून मॅडमनी एक साधी युक्ती सांगितली. भात मोकळा शिजवून गार करायचा, दोन स्वच्छ बरण्यांत थोडा थोडा घालायचा, एकीत चिमूटभर पावडर मिसळायची, दुसरीत काहीच नाही, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून सावलीत ठेवायच्या. चार-पाच दिवसांत पावडरीच्या बरणीत आधी पांढरं जाळं आणि मग गडद हिरवा रंग धरला पाहिजे. दुसरी बरणी कशाला, तर साधा बुरसासुद्धा हिरवा असतो, तो दोन्हीत आला तर समजायचं आपल्या भातातच घाण होती आणि परीक्षा रद्द. ही काही लॅबची तपासणी नाही पण पावडर पार मेलेली आहे का एवढं कळतं. माझी तिसऱ्या वर्षीची बरणी पाचव्या दिवशी हिरवीगार झाली होती. मग हौसेनं आदल्या वर्षीच्या पाकिटात उरलेली पावडर पण लावून बघितली, त्यात आठ दिवसांनीपण काही नाही.

वापर असा केला. एकरी दोन किलो पावडर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळली, झाडाखाली ढीग घालून ओलं बारदान टाकलं, पंधरा दिवस ठेवलं, मधे दोनदा हलवलं. ढीग उघडला तेव्हा आत पांढरं-हिरवं जाळं धरलं होतं आणि मातीचा छान वास येत होता. ते पेरणीच्या आधी रानात पसरून वखराची पाळी दिली. आणि बियाण्याला किलोला पाच ग्रॅम, गुळाच्या पातळ पाण्यात कालवून ताडपत्रीवर हलक्या हातानं चोळलं, वर शेवटी रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू), सावलीत सुकवलं आणि त्याच दिवशी पेरलं. एकरी तीस किलो बियाणं धरलं तर बियाण्याला दीडशे ग्रॅम पावडर पुरते, म्हणजे खर्च किती किरकोळ आहे बघा. शेणखताशिवाय नुसती पावडर फेकू नका, आपलं काळं रान अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूचं असतं आणि ट्रायकोडर्माला थोडी आम्ल जागा आणि सेंद्रिय खाणं लागतं, उपाशी पोटी ती रानात टिकत नाही.

आता जी गोष्ट सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो. त्या वर्षी मी विहिरीकडच्या त्या खराब तुकड्यातच चार पट्टे पाडले. पहिल्या पट्ट्यात घरचं जुनं बियाणं, काहीही न लावता. दुसऱ्यात तेच घरचं बियाणं, पण पावडर लावून. तिसऱ्यात राहुरीच्या विद्यापीठाचा विजय वाण, मर रोगाला प्रतिकारक म्हणून ज्याचं नाव आहे तो, पण पावडर न लावता. आणि चौथ्यात विजय अधिक पावडर. आबा म्हणाले रानात कसले खेळ करतोस, पण त्यांनीच नंतर रोज संध्याकाळी जाऊन बघितलं.

पहिला पट्टा महिन्याभरात विरळ झाला, अर्ध्यापेक्षा कमी झाडं उरली. दुसऱ्या पट्ट्यात मर उशिरा सुरू झाली आणि कमी झाली, पण झाली, फुलोऱ्यापर्यंत मधे मधे खिंडारं पडलीच. तिसऱ्या पट्ट्यात, नुसता वाण, पावडर नाही, तरी तुरळक झाडं गेली, बस. चौथ्यात त्याहून थोडी कमी, आणि उपटून बघितलं तर मुळांचा झुपका जास्त, गाठी जास्त. म्हणजे पावडरीनं जेवढं काम केलं त्याच्या कितीतरी पट काम वाणानं केलं. हा माझ्या एका तुकड्याचा एका वर्षाचा अनुभव आहे, पण डोळ्यांनी बघितलेला आहे.

मग मला हे समजून घ्यायचंच होतं की एकच माती, एकच बुरशी, एकच पाणी, मग विजय उभा का राहतो आणि घरचा का मरतो. कारण झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही, आपल्यासारखं रक्तातून फिरणारं काही नाही. मॅडमना फोन करून करून मी पिडलं, त्यांनी न कंटाळता सांगितलं, नंतर मी वाचतही गेलो, आणि खरं सांगतो मुळाच्या आत एवढं काही चालतं हे कळल्यावर मला आपल्याच पिकाबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला.

होतं असं की मूळ वाढताना मातीत साखर आणि इतर रस सोडतं. त्या वासानं जमिनीत झोपलेली फ्युजेरियमची बीजं उगवतात. ही बीजं जाड भिंतीची असतात, हरभरा नसला तरी जमिनीत सहा-सहा वर्षं जिवंत राहू शकतात हे इक्रिसॅटच्या, म्हणजे हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या लोकांनी तपासून दाखवलेलं आहे, म्हणून एखाद-दुसरं वर्ष पीक बदलून मर जात नाही. तर उगवलेली बुरशी मुळाच्या टोकाकडून आत घुसते. आणि इथं झाड तिला ओळखतं. कसं, तर बुरशीच्या अंगाची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन. झाडाच्या स्वतःच्या अंगात कायटिन कुठंच नसतं. म्हणजे मुळाला कायटिनचा तुकडा लागला की त्याला कळतं, हा परका आहे. पेशीच्या बाहेरच्या बाजूला त्यासाठी ओळखणारे रेणू बसलेलेच असतात.

ओळख पटली की काही मिनिटांत हालचाल सुरू. त्या जागी ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडले जातात, पेशीच्या भिंती आतून जाड होतात, लिग्निन भरलं जातं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं तेच द्रव्य. कायटिनेज नावाचं विकर (एन्झाइम) बाहेर पडतं आणि बुरशीची भिंत कुरतडतं, आणि गंमत म्हणजे त्यातून कायटिनचे जे तुकडे पडतात ते परत शेजारच्या पेशींना सावध करतात. शिवाय हरभरा स्वतःचं बुरशीनाशक बनवतो, मेडिकार्पिन आणि माकियाइन अशी नावं आहेत त्यांची. आपण दुकानातून पुडी आणतो आणि झाड मुळातच बनवतंय.

सगळ्यात मोठी लढाई त्या पाण्याच्या नळ्यांत होते. बुरशी नळीत शिरली की पाण्याच्या प्रवाहाबरोबर तिची बीजं वर जाऊ शकतात, म्हणून झाड काय करतं तर पुढच्या भागात नळ्या स्वतःच बुजवतं, डिंकासारखं द्रव्य आणि शेजारच्या पेशींचे फुगे आत ढकलून. पाटाला खाली भगदाड पडलं की आपण वर जाऊन बारं बंद करतो ना, तसंच. आता हे बुजवणं लवकर झालं आणि थोड्याच नळ्यांत झालं तर बुरशी खाली मुळातच अडकून राहते आणि झाड बाकीच्या नळ्यांवर जगतं. प्रतिकारक वाणात बऱ्याचदा असंच होतं, बुरशी मुळात शिरलेली असते, पण वर चढू शकत नाही. बळी पडणाऱ्या वाणात हेच सगळं होतं, पण उशिरा. तोवर बुरशी वर पोचलेली असते, मग झाड जिकडं तिकडं नळ्या बुजवत सुटतं, आणि शेवटी बुरशीनं तुंबवलेल्या आणि झाडानं स्वतः बुजवलेल्या नळ्या मिळून शेंड्याला पाणीच पोचत नाही. रानात ओल असताना झाड तहानेनं मरतं. हे वाचलं त्या दिवशी मी परत ते चिरलेलं खोड डोळ्यापुढं आणलं, ती काळी रेघ म्हणजे नुसती बुरशी नव्हती, झाडानं उशिरा केलेल्या लढाईच्या खुणा पण तिच्यातच होत्या.

म्हणजे जुन्या बियाण्यात आणि विजयमध्ये फरक हत्यारांचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. वेळेवर जागं होणं हे बियाण्यात असतं, जनुकात असतं, ते बाहेरून ओतता येत नाही.

मग पावडर काय करते. ती तीन कामं करते. रोगाच्या बुरशीच्या आधी मुळाभोवती जागा आणि खाणं अडवते, समोर आली तर तिला वेढे घालून, विकरं सोडून खाते, आणि तिसरं काम मला सगळ्यात मोठं वाटतं, ती झाडाला सावध ठेवते. ट्रायकोडर्मा पण बुरशीच, तिच्याही अंगात कायटिन, ती मुळाच्या बाहेरच्या एक-दोन थरांत येऊन बसते तेव्हा झाडाला चाहूल लागते, थोडी हालचाल होते, ती तिथंच थांबते, नुकसान करत नाही, पण झाड त्यानंतर तयारीत राहतं. मग खरा रोग आला की उशीर कमी होतो. आपण ज्वारीत डुकरं येणार म्हणून माळ्यावर जागलीला बसतो, जागल्यानं हाळी दिली की घरची माणसं उठून पळतात. पावडर म्हणजे हाळी देणारा. पण हाळी ऐकून उठणारी माणसंच घरात नसतील तर तो एकटा किती डुकरं हाकलणार. माझ्या दुसऱ्या पट्ट्यात हेच झालं, हाळी होती, उठणारं बियाणं सुस्त होतं.

म्हणून उरलेला अर्धा स्टार कापला तो पावडर ज्या पद्धतीनं विकतात त्यासाठी. "मर रोगाचा नायनाट" असं पाकिटावर लिहू नका. शेतकरी ते वाचून घरचं मरकं बियाणंच परत पेरतो आणि पाकिटाच्या भरवशावर बसतो. पाकिटावर पहिली ओळ अशी पाहिजे की आधी वाण बदला.

वाणाबद्दल दोन शब्द, कारण हा रिव्ह्यू पावडरीचा असला तरी जास्त श्रेय तिकडं जातं. विजय मी वापरला, जिरायतीला चांगला, कमी पाण्यात तग धरतो. राहुरीचाच दिग्विजय आहे, आणि फुले विक्रम उंच वाढतो म्हणून हार्वेस्टरनं काढता येतो. जॅकी ९२१८ आमच्या पाहुण्यांकडं उदगीरच्या बाजूला आहे, त्यांचं समाधान आहे. हरभरा स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारा असल्यामुळे एकदा चांगलं बियाणं आणलं की दोन-तीन वर्षं राखता येतं, फक्त मळणी यंत्रात शेजाऱ्याचा माल मिसळू देऊ नका, आमचं घरचं बियाणं बिघडलं ते बहुतेक असंच, शिवाय वाळलेल्या तुकड्याच्या कडेचं बियाणं कधीच राखू नका, बुरशी बियाण्यातून पण येते.

आणि प्रतिकारक म्हणजे अमर नाही. या फ्युजेरियमच्या आठ जाती जगात नोंदलेल्या आहेत, त्यातल्या चार भारतात असल्याचं १९८२ मध्येच इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. एका जातीला पुरून उरणारा वाण दुसरीपुढं पडू शकतो. म्हणून तर पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये मुद्दाम रोगट करून ठेवलेलं रान आहे, त्यात नव्या वाणांच्या मधे मधे जेजी ६२ नावाचा हमखास मरणारा हरभरा पेरतात. तो मेला तर समजायचं रानात रोग नीट आहे आणि शेजारी जे उभं आहे ते खरंच प्रतिकारक आहे. मला ही पद्धत फार आवडली, माझा पहिला पट्टा नकळत तेच काम करत होता. माझे मामा जळगावकडं केळी करतात, त्यांच्या पिकाची तर हीच कथा जगभर झालीय, आधी ग्रो मिशेल नावाची केळी फ्युजेरियमनं खलास केली, मग तिला न दबणारी कॅव्हेंडिश आली, आपली ग्रँड नैन त्यातलीच, आणि आता टीआर ४ नावाची नवी जात कॅव्हेंडिशलाच मारायला निघाली, बिहार-उत्तर प्रदेशात ती सापडली पण आहे. मामांना मी सांगितलंय की बाहेरून कंद आणू नका आणि दुसऱ्याच्या बागेतले चिखलाचे बूट आपल्या बागेत नको.

पेरणीचा काळ पण बघा. लवकर पेरणीला जमीन गरम असते आणि ही बुरशी पंचवीस-तीस अंशांच्या आसपास जोरात असते. आम्ही सोयाबीन निघालं की गडबडीनं पेरायचो. ओल आहे तोवर पेरावं लागतं हे जिरायतीचं दुखणं मला कळतं, पण ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांनी रान जरा थंड होऊ द्यायला हरकत नाही. आणि बिवड, म्हणजे त्या रानात आधी कुठलं पीक होतं ते. आबा नेहमी म्हणायचे ज्वारीच्या बिवडावर हरभरा चांगला येतो, आणि तुरीत ज्वारी असली की तूर कमी उबळते, आम्ही ते जुनं म्हणून सोडून दिलं होतं. ज्वारीसोबत घेतल्यावर तुरीची मर कमी होते हे प्रयोगातही दिसलेलं आहे, तुरीची फ्युजेरियम वेगळी पण घराणं एकच.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. पाकिटावरची तयार झाल्याची तारीख बघा, दोन-तीन महिन्यांच्या आतलंच घ्या. दारातल्या उन्हातलं नको. घरी आणल्यावर माठाशेजारी, गार जागी ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. कार्बेन्डाझिमबरोबर नाही. झाडं वाळायला लागल्यावर आणू नका, त्या वर्षीचे पैसे वाचवा आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यात घाला. चोळताना तोंडाला रुमाल बांधा, पावडर बारीक उडते आणि माझ्या बायकोला दोन दिवस खोकला झाला होता. पाकिटाला झिप नाही, एकदा फोडलं की बंद होत नाही, मी स्टीलच्या डब्यात काढून ठेवतो.

पुढच्या रब्बीला परत घेणार का, तर हो, घेणार. विहिरीकडच्या तुकड्यात यंदा हरभरा नाही, मालदांडी ज्वारी पेरायची ठरलंय. बाकीच्या रानात विजय आणि पावडर. फक्त एक काकरी, म्हणजे एक ओळ, घरच्या जुन्या बियाण्याची मी मुद्दाम ठेवणार आहे, आबांनी त्यासाठी शेरभर हरभरा गाडग्यात वेगळा काढून ठेवलाय. ती काकरी किती वाळते त्यावरून रानात बुरशी अजून किती आहे ते कळेल.